टोकं तासणारे गेनूभाऊ

गेनूभाऊ फोनवर हॅलो म्हणत नाहीत. फोन उचलला की थेट मुद्दा सुरू होतो, आणि मुद्दा संपायच्या जरा आधीच फोन बंद होतो. पहिल्यांदा बोलणाऱ्याला वाटतं, रेंज गेली. तो बिचारा पुन्हा लावतो. मग गेनूभाऊ म्हणतात, "झालं की आपलं," आणि पुन्हा बंद करतात. जुन्नरच्या बाजारपेठेत याला कुणी उद्धटपणा म्हणतं, कुणी विक्षिप्तपणा. मी अकरा वर्षं त्यांच्या दुकानात उठबस करतो आहे, आणि पहिली दोन वर्षं मीही त्यांना उद्धटच समजत होतो.

दुकान मोटार वाइंडिंगचं. मोटार म्हणजे विहिरीवरची, पाणी उपसणारी. जळालेली मोटार उघडायची, आतली तांब्याची तार काढून नवी भरायची, बेअरिंग बदलायचं, हा धंदा. बोळाच्या शेवटी एक खोली, तिच्यामागे तेवढीच दुसरी, आणि त्या दुसरीत गेनूभाऊ एकटे राहतात. लग्न केलं नाही. कारण विचारलं तर "ऱ्हायलं" एवढंच सांगतात. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, अंगाला वार्निशाचा वास, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. ती तार इतकी सुबक गुंडाळली आहे की मूळ काडीच्या आधी ती तुटणार नाही.

त्यांचा सगळा कारभार मधल्यामध्ये चालतो. लग्नाला ते तिसऱ्या मंगलाष्टकाला येतात आणि हार पडायच्या आत निघतात. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला ते आले होते याचा पुरावा म्हणजे एकच फोटो, आणि त्यात ते पाठमोरे आहेत. भाकरी खाताना गोल काठ मोडून बाजूला ठेवतात आणि मधलं खातात. काठ दुकानासमोरच्या कुत्रीला जातात. कुत्रीची तब्येत गेनूभाऊंपेक्षा बरी आहे. एकदा एका शाळेनं त्यांना पंधरा ऑगस्टला 'स्थानिक कारागीर' म्हणून बोलायला उभं केलं. 'मान्यवर' नाही, 'विद्यार्थी मित्रहो' नाही, गेनूभाऊंनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "तिसरी गोष्ट अशी, की वायर सोलताना दात लावायचा न्हाई." वायरीबद्दल चार वाक्यं फार उत्तम बोलले आणि पाचवं अर्ध्यावर सोडून खाली बसले. टाळ्या कधी वाजवायच्या ते मुलांना कळेना. मुख्याध्यापकांनाही कळेना.

बोलण्यात त्यांचा एक शब्द ठरलेला आहे: "टोकं तासा." मी दुकानात शिरून सुरुवात करावी, "गेनूभाऊ, परवा काय झालं, मी आपला सहज स्टँडकडून चाललो होतो," तर ते डावा हात आडवा धरून उजव्या अंगठ्यानं त्यावर रंधा मारल्यासारखं करतात. "टोकं तासा, सर. मधलं बोला." मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. तिथे मला पंचेचाळीस मिनिटं कुणी अडवत नाही. त्यामुळे हे मला फार लागायचं.

हे खूळ आलं कुठून, ते सांगतो. त्याचं पाप अर्धं माझ्याच माथ्यावर आहे.

विहिरीवरची मोटार बिघडली असं वाटलं तर ती उचलून जुन्नरला आणायची म्हणजे चार माणसं, टेम्पो आणि अख्खा दिवस. म्हणून गेनूभाऊ आधी तिचा आवाज मागवून घेतात. मोटार चालू करायची, फोन जवळ धरायचा, रेकॉर्ड करून पाठवायचं. आवाजावरून ते ठरवतात की मोटार उचलायची की नाही. पूर्वी हे सगळं कानावर चालायचं. एक दिवस अचानक मला म्हणाले, "सर, आवाज डोळ्यानं बघायची काय सोय हाय का?" मी उत्साहात माझा जुना कॉम्प्युटर, जो बायकोनं घरातून हद्दपार केला होता, त्यांच्या दुकानात आणून ठेवला आणि त्यात एक प्रोग्राम टाकून दिला. आवाजात कोणकोणते सूर किती जोराचे आहेत ते तो प्रोग्राम पडद्यावर डोंगररांगेसारखं काढून दाखवतो. जाड आवाज डावीकडे, बारीक उजवीकडे, जितका जोर तितकी उंची. मी फळ्यापुढे उभं राहिल्यासारखं तासभर समजावलं. ते मध्येच उठून तार भरायला लागले होते.

महिन्याभरानं फोन आला. "तुमचं मशीन खोटं बोलतंय."

जाऊन बघितलं तर त्यांनी मोटारीच्या नुसत्या हुंकाराची दोन चित्रं काढली होती. विजेवर चालणाऱ्या कुठल्याही मोटारीला एक हुंकार असतो, तो एकाच सुराचा. म्हणजे पडद्यावर एकच सरळ सुळका दिसायला हवा. पहिल्या चित्रात सुळका होता. दुसऱ्या चित्रात त्याच मोटारीच्या त्याच हुंकाराचा तंबू झाला होता. दोन्ही बाजूंना पायथा पसरलेला, आणि जिथे मुळात कोणताही सूर नाही तिथेही उंची दिसत होती.

"असं थोडं होतंच," मी म्हणालो.

"थोडं का व्हतं?"

हे मी वीस वर्षं शिकवत आलो होतो. त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येत होतं, परीक्षेत त्याला किती मार्क असतात तेही येत होतं. पण का होतं, हे त्या वार्निशाच्या वासात उभं राहून मला सांगता येईना. मी म्हणालो, पुस्तक बघून सांगतो.

पुस्तक बघायची वेळच आली नाही. चार दिवसांनी गेनूभाऊंनी मला बोलावून घेतलं आणि पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याचा एक जुना तुकडा माझ्यासमोर टाकला. गिरणीला मोटारीपासून जात्यापर्यंत एक रुंद पट्टा असतो. लांब पट्टा आणायचा, दोन टोकं एकमेकांना जोडायची आणि गोल करून चढवायचा.

"तुमचं मशीन आवाजाचा तुकडा कापतं," ते म्हणाले. "आन् त्याला वाटतं ह्यो तुकडा असाच गोल फिरतोय. शेपूट त्वांडाला जोडलेलं. बरोबर?"

"बरोबर." प्रोग्राम खरोखरच तसं धरून चालतो.

"मंग सांधा नीट बसला तर ठीक. सुळका येतो. पण कापताना टोक वर आन् सुरुवात खाली, असं झालं तर सांध्याला उंबरा तयार व्हतो. पट्टा फिरला की दर फेऱ्याला टप. टप. ती टप मोटारीची न्हाई, जात्याची न्हाई. सांध्याची हाय. तुमचं मशीन ती पन मोटारीच्या नावावर लावतं."

माझ्या हातून पास होऊन गेलेल्या सगळ्या मुलांची मला मनातून कणव आली.

"मंग सांध्याला काय करायचं?" मी विद्यार्थ्यासारखं विचारलं.

त्यांनी पट्ट्याचं टोक दाखवलं. ते जाडीत तिरकं तासून कागदासारखं पातळ केलेलं होतं. दुसरं टोकही तसंच. पातळावर पातळ बसलं की सांधा हाताला लागत नाही. "आवाजाचं बी तसंच. तुकडा घ्यायचा, दोनी टोकं तासायची. मधे पुरा आवाज, कडंला जाता जाता शून्य. मंग कुठंबी कापा. शून्याला शून्य जुळतंच."

प्रोग्राममध्ये हे तासण्याची सोय होती. तासायच्या प्रत्येक पद्धतीला एकेका शास्त्रज्ञाचं नाव, अशी एक लांब यादीच होती. मी ती त्यांना कधी दाखवली नव्हती, कारण मलाच ती भिववायची. गेनूभाऊंनी त्या सगळ्या शास्त्रज्ञांना तीन गटांत बसवलं: हलका रंधा, मध्यम रंधा, भारी रंधा. भारी रंध्यानं खोटा पायथा पार नाहीसा होतो, पण खरा सुळका जाड होतो आणि शेजारशेजारचे दोन सूर एकात एक मिसळून दिसतात. हलक्यानं सुळका बारीक राहतो, पण पायथा थोडा उरतो. "फुकट काय न्हाई," ते म्हणाले. "तासायचं तर पट्टा बी लांब पायजे. म्हणून दहा सेकंदांचा आवाज मागतो मी."

याचा उपयोग मला पुढे स्वतःच्या घरीच बघायला मिळाला. आमची शेती अवसरी बुद्रुकला, वडील तिथेच असतात. त्यांचं म्हणणं होतं की विहिरीवरची मोटार ठीक आहे, मी उगाच शंका काढतो. वडिलांनी रेकॉर्ड करून पाठवलं. ते असं: "हालू... ह्ये लाल दिसतंय, म्हंजे चालू झालं का? गेनूभाऊ, मी सरांचा वडील बोलतोय, अवसरीहून, राम राम. ए, त्या कालवडीला बांध आधी." मग मोटार. मग, "आलं असंल. न्हाई आलं तर सांगा. जेवाय या एकदा."

गेनूभाऊंनी माउसनं मधला मोटारीचा भाग निवडला, पुढचं-मागचं टाकून दिलं आणि न तासता चित्र काढलं. हुंकाराचा मोठा तंबू, बाकी काही नाही. मग भारी रंधा मारला. तंबू आवळून शिवनेरीच्या कड्यासारखा सरळ उभा राहिला, आणि त्याच्या पायथ्याशी, इतका वेळ खोट्या पसाऱ्यात बुडालेली, एक लहानशी टेकडी वर आली. "ह्ये बेअरिंग," गेनूभाऊ म्हणाले. "दोन आठवडे काढंल." वडिलांनी मोटार उघडायला परवानगी दिली तेव्हा बेअरिंगच्या गोळ्या हातात आल्या. तेव्हापासून आमच्या घरी गेनूभाऊंच्या शब्दाला माझ्यापेक्षा जास्त किंमत आहे.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. त्या कॉम्प्युटरला स्पीकर नव्हता. मी दिला होता, पण त्यांनी काढून माळ्यावर टाकला. फोनवर आलेली फाईल ते न वाजवता सरळ कॉम्प्युटरवर घेत. पडद्यावर आवाजाची पट्टी दिसे. त्यातला सलग जाड पट्टा मोटारीचा, आणि अलीकडे-पलीकडे जी तुटक तुटक मुंगळ्यांसारखी नक्षी दिसे ती माणसांच्या बोलण्याची. ती टाकायची. मोटारसुद्धा ते ऐकत नसत, फक्त बघत.

"एकदा कानानं ऐकून बघायला काय हरकत आहे?" मी विचारलं होतं.

"कानाचं नाव काढू नका," ते म्हणाले, आणि त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

त्याचं कारण बाजारपेठेत सगळ्यांना ठाऊक होतं. मलाच उशिरा कळलं. गेनूभाऊ मूळचे बोरी बुद्रुकचे. तिथे त्यांचे थोरले भाऊ किसनदादा आणि वहिनी हिराबाई शेती करतात. आईवडील लवकर गेले, गेनूभाऊंना दादांनीच वाढवलं आणि वाइंडिंग शिकायला पाठवलं. सुट्टीच्या दिवशी गेनूभाऊ बोरीला जायचे, दादांच्या मोटारीवर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि निकाल सांगायचे. एका वर्षी कांदा पोसायला लागला होता तेव्हा त्यांनी असंच ऐकलं आणि "ठणठणीत" म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी मोटार जळाली. दुसरी मिळेपर्यंत ऐन पोसायच्या दिवसांत कांद्याचं पाणी चुकलं आणि रान हातचं गेलं. किसनदादा तोंडाचे वाईट नाहीत, पण त्या दिवशी विहिरीवर चार माणसं होती आणि त्यांच्यादेखत ते म्हणाले, "तुझ्या कानावर इसवास टाकला ही माझी चूक."

गेनूभाऊ तिथून निघाले ते परत बोरीला गेले नाहीत. त्याच महिन्यात त्यांनी मला आवाज डोळ्यानं बघायची सोय विचारली होती. मी तेव्हा त्याला जिज्ञासा समजलो होतो.

नऊ वर्षं अशी गेली. दोघांमध्ये भांडण असं नव्हतं. वाटणीचा वाद नाही, कोर्ट नाही. नुसतं जाणं नव्हतं. मी एकदा विषय काढला, "तिकडे जाऊन यायचं का?" त्यावर त्यांनी अंगठ्यानं रंधा मारला आणि बोलणं संपलं.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत त्यांचा कॉम्प्युटर रखडायला लागला. जागा भरली होती. त्यांनी मला जुन्या फाईली काढून टाकायला बसवलं आणि स्वतः एका मोटारीत तार भरत राहिले. शेकडो फाईली होत्या, गावाच्या नावानं लावलेल्या. कोणती काढायची ते नावावरून कळेना, म्हणून मी माळ्यावरचा स्पीकर काढला, धूळ झटकली आणि जोडला. गेनूभाऊंनी एकदा मान वर करून बघितलं, पण हात तारेत गुंतले होते म्हणून उठले नाहीत.

मी फाईली वाजवायला लागलो, आणि मोटारींपेक्षा माणसंच जास्त ऐकू यायला लागली. कुणी राम राम घालत होतं. कुणी म्हणत होतं, मुलगी पास झाली भाऊ, पेढे आणतो. कुणी मोटार बंद झाल्यावर विचारत होतं, तुमचा गुडघा आता कसाय. या सगळ्यांना गेनूभाऊंकडून एकच उत्तर गेलेलं होतं, मोटार उचला किंवा मोटार ठीक. माझ्या वडिलांचं 'जेवाय या एकदा' तर सहा वेळा होतं.

मग 'बोरी घर' नावाच्या पाच फाईली आल्या. सगळ्या गेल्या अडीच महिन्यांतल्या. बोरीला शेतीसाठी एक आठवडा दिवसा वीज असते आणि एक आठवडा रात्री, त्यामुळे साधारण पंधरा दिवसांनी एक अशा, सगळ्या सोमवारच्या. मी पहिली लावली.

बाईचा आवाज. "भावजी, मी हिराबाई. फोन लावला तर तुमी आवाज पाठवा म्हणला आन् ठिवून दिला. म्हणून पाठवते." मग दहा सेकंद मोटार. मग, "ह्ये विहिरीच्या पायरीवरून पडल्यात. खुब्याचं हाड मोडलंय. आपरेशन झालं, काळजीचं न्हाई. पन खाट धरलीये."

तार भरण्याचा आवाज थांबला.

दुसरी फाईल. "भावजी, ह्ये खाटंवरून मोटार ऐकत्यात आन् म्हणत्यात आवाज बदललाय, गेनूला धाड. तुमचं उत्तर आलं, मोटार ठीक. ह्यांना वाचून दावलं." मोटार. "तरी बी म्हणत्यात, परत धाड."

तिसरीत आणि चौथीतही तेच. मोटारीचा आवाज बदललाय. मोटार. आज नातवानं धरून चार पावलं चालवलं. तुमचं नाव निघतं. सवड काढून या.

पाचवीत सुरुवातीला कुणी काहीच बोललं नव्हतं. मोटार झाली, आणि शेवटी लांबून, घरातून आलेला पुरुषाचा आवाज होता. "आलं का काय उत्तर? मोटार ठीक म्हणला आसंल. ऱ्हाऊ दे. बंद कर ती."

मी स्पीकर बंद केला. गेनूभाऊ माझ्यामागे येऊन उभे होते. ते पडद्याकडे बघत होते. पाचही पट्ट्या एकाखाली एक दिसत होत्या, मधला जाड भाग त्यांनी निवडलेला, आणि दोन्ही टोकांना ती मुंगळ्यांची नक्षी करड्या रंगात, टाकून दिलेली.

"परत लावा," ते म्हणाले. "पयल्यापासून."

मी पुन्हा पाचही लावल्या. संपल्यावर त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले.

"मोटार खरंच चांगली हाय," ते म्हणाले. "पाची बारीला नीट बघितली. ह्या बारीला चुकायचं न्हवतं मला."

शिक्षकाला काय बोलावं ते सुचलं नाही की तो शिकवायला लागतो, तसा मी लागलो. म्हणालो, टोकं तासली की त्यातलं निघून जातंच, म्हणून तर शास्त्रात नुसते एकापुढे एक तुकडे घेत नाहीत. पहिल्या तुकड्याच्या मध्यापासून दुसरा सुरू करतात, कौलं जशी एकमेकांवर अर्धी चढवतात तशी. म्हणजे एका तुकड्यात जे कडेला पडून गेलं ते पुढच्या तुकड्यात मधोमध येतं.

"ठावं हाय," गेनूभाऊ म्हणाले. "मोटारीला तसंच करतो मी. माणसांचं असं ध्यानात आलं न्हाई."

त्यांनी हत्यारांची पिशवी घेतली. स्क्रू-ड्रायव्हर, पाने, टेस्टर, नवं बेअरिंगसुद्धा. "कशाला?" मी विचारलं. "मोटार तर चांगली आहे."

"मोकळ्या हातानं कसं जायचं, सर?"

माझ्या मोटारसायकलवर आम्ही नारायणगावावरून बोरीला गेलो. गावाजवळ वळण आलं तेव्हा त्यांनी नुसता माझ्या खांद्यावर हात टेकवून दाखवलं.

किसनदादा पडवीत खाटेवर होते. शेजारी वॉकर, उशाशी फोन. गेनूभाऊंपेक्षा बारीक, पण कपाळ आणि नाक तेच. आम्ही अंगणात शिरलो तसं त्यांनी पाहिलं आणि छताकडे नजर लावली. हिराबाई आतून आल्या, हातातलं सूप त्यांनी खाली ठेवलं आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"मोटार बघायला आलास?" किसनदादा छताला म्हणाले.

"न्हाई. मोटारीला काय झालेलं न्हाई."

"मला बी ठावं हाय काय झालं न्हाई ते." आता त्यांनी मान वळवली. "माझी मोटार मला कळत न्हाई व्हय? मंग तुला कळलं कसं न्हाई?"

गेनूभाऊ पिशवी हातात धरून उभे होते. मला त्यांची चिंता वाटली. या माणसानं आयुष्यात कशाचीच सुरुवात केलेली नव्हती, आणि आता इथे सुरुवात केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, खाटेच्या कडेला बसले, आणि जी वाक्यं ते नऊ वर्षं लोकांच्या रेकॉर्डिंगमधून कापून टाकत आले होते त्यातलंच एक, अगदी साधं, त्यांच्या तोंडातून निघालं.

"कसा हायस, दादा?"

किसनदादांनी गेनूभाऊंचं मनगट धरलं आणि धरून ठेवलं. हिराबाई चहा ठेवायला आत गेल्या आणि चहाला पुष्कळ वेळ लागला. मी अंगणातली शेळी बघत बसलो. मला सांगायला लाज नाही, मला ती नीट दिसत नव्हती.

त्या दिवशी निघतानाची गंमत सांगायलाच हवी. गेनूभाऊ म्हणाले, "येतो." मी गाडी सुरू केली. ते परत जाऊन दादांच्या पायाखालची उशी सरळ करून आले. "येतो." हिराबाईंनी शेंगांची पिशवी दिली. ती घेऊन ते फाटकापर्यंत आले आणि वॉकरची एक रबरी टोपी सैल आहे ती बघायला पुन्हा आत गेले. "येतो हां दादा." चौथ्यांदा मी गाडी बंद करून स्टँडवर लावली आणि शेंगा फोडत बसलो. लग्नातून हार पडायच्या आत पळणाऱ्या माणसाला एका पडवीतून निघायला पाऊण तास लागला.

दुकानात बाकी काही बदललेलं नाही. फोनवर ते अजून हॅलो म्हणत नाहीत, भाकरीचे काठ अजून कुत्रीलाच जातात, आणि मी काही सांगायला लागलो की अंगठ्याचा रंधा फिरतोच. स्पीकर मात्र मी परत मागितला तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या."

किसनदादा आता काठी घेऊन विहिरीपर्यंत जातात. त्यांच्याकडे दिवसाची वीज असली की सोमवारी त्यांची फाईल येते, आता ते स्वतःच पाठवतात. मागच्या वेळी मी दुकानात होतो. गेनूभाऊंनी हातातलं काम ठेवलं, माउसला हात न लावता फाईल सुरुवातीपासून वाजवली. दादा बोलत होते की ऊस तुटला, की पायरीला आता कठडा केलाय, की हिराबाईची सर्दी जात नाही. मग मोटार. मग, "ऐक नीट. आवाज बदललाय का?"

गेनूभाऊंनी चित्र काढलं, भारी रंधा मारला. पडद्यावर हुंकाराचा एकच स्वच्छ सुळका उभा राहिला. पायथ्याशी काही नाही, शेजारी काही नाही. इतकी निरोगी मोटार मी तिथे दुसरी पाहिलेली नाही.

त्यांनी ते चित्र नीट पाहिलं, मग फोन घेतला आणि एका बोटानं, सावकाश उत्तर टाइप केलं. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं.

"थोडा फरक वाटतो. येऊन बघावं लागेल."